अर्ज ऑनलाइन, हेलपाटे कोणाचे?

कन्नड, सिल्लोड, पैठण किंवा वैजापूरहून एसटीने आलेला माणूस छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतो आणि औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेत येतो. काम मुलाच्या आरटीई प्रवेशाचे असो, दिव्यांगांच्या योजनेचे असो की अंगणवाडीचे, टेबलापाशी पोचल्यावर त्याला बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, ‘ऑनलाइन केलं का?’ केलेले नसेल तर तो पायऱ्या उतरून झेरॉक्सच्या दुकानात जातो. संगणकावर बसलेला मुलगा त्याचा आधार क्रमांक विचारतो, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतो, कागद स्कॅन करतो, पैसे घेतो आणि पावती छापून हातात देतो. सरकारी काम असे सरकारी इमारतीबाहेर, एका खाजगी दुकानात होते.

जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत, तहसील ही आपल्या दाराशी असलेली सरकारे. त्यांच्या सेवांसाठी संगणकावर नोंदणी सुरू होऊन महाराष्ट्रात आता पाव शतक होत आले. या काळात नागरिकाच्या पदरात काय पडले, त्याच्या खांद्यावर काय आले आणि यापुढे काय बदलायला हवे, हे नीट मांडण्याची वेळ आली आहे. आजची पद्धत अर्धवट आहे, असे माझे मत आहे. पूर्वी कारकून करत असे ती मेहनत तिने नागरिकावर टाकली. कारकुनाकडे असलेली चूक दुरुस्त करण्याची मुभा मात्र नागरिकाला दिली नाही.

सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यात ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प निघाला. कल्याण-डोंबिवली महापालिकेने १९९९ पासून कामकाज संगणकावर आणायला घेतले आणि २००२ मध्ये नागरी सुविधा केंद्र उघडले. पुढे राज्यातल्या इतर महापालिकांपुढे तेच उदाहरण ठेवले गेले. त्याच सुमारास जिल्हाधिकारी कार्यालयांत ‘सेतू’ केंद्रे आली. ते नाव लोकांच्या तोंडी इतके बसले, की आजही दाखला काढायचा म्हणजे ‘सेतूत जाऊन ये’ असेच म्हणतात. २०११ मध्ये ग्रामपंचायतींसाठी ‘संग्राम’ आले, महा ई-सेवा केंद्रे निघाली आणि २६ जानेवारी २०१५ रोजी ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ. त्याच वर्षी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम झाला. सेवा किती दिवसांत द्यायची, कोणत्या अधिकाऱ्याने द्यायची आणि न दिल्यास दाद कुठे मागायची, हे कायद्याने बांधले गेले.

यातून मिळालेले फायदे खरे आहेत आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरणे, तो सजावर नसला की परत येणे, हा ग्रामीण महाराष्ट्राचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि १५ रुपयांत तो घरबसल्या निघू लागला. शहरातला जन्मदाखला, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, विवाहनोंदणी या कामांत अर्जाला क्रमांक मिळतो आणि अर्ज कुठे अडला ते दिसते. पूर्वी फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे कळण्यासाठी ओळख लागायची. ज्याची कोणाशी ओळख नाही, त्याला या क्रमांकाने खरे बळ दिले.

अडचण सुरू होते ती नोंद आधीपासून संगणकात नसते तिथे. सातबाऱ्याचा प्रश्न सुटला, कारण त्यामागे वर्षानुवर्षे नोंदी चढवण्याचे आणि तपासण्याचे काम सरकारने स्वतः केले होते. नागरिकाने फक्त मागायचे होते. उत्पन्न, रहिवास, जात, नॉन-क्रीमीलेअर या दाखल्यांत मात्र सगळा पुरावा नागरिकाने आणायचा, स्कॅन करायचा आणि चढवायचा. ‘आपले सरकार’वर फोटो ५ ते २० केबीचा हवा आणि त्याची रुंदी १६० पिक्सेल असावी लागते. कागदपत्रे ७५ ते ५०० केबीच्या आत बसवावी लागतात. हे आकडे संगणकाच्या सोयीचे आहेत. पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन आलेल्या बाईला ते स्वतःच्या हाताने जमवता येणार नाहीत, हे आखणाऱ्यांना ठाऊक असायला हवे होते.

मराठवाड्यात ही अडचण आणखी खोल आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे त्या काळचे महसुली कागद उर्दूत आहेत, काही मोडीत आहेत. पणजोबांचे नाव उर्दू नोंदीत एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने आणि आधारवर रोमन लिपीत तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले. गावातला जुना तलाठी किंवा मुख्याध्यापक ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे ओळखत असे. संगणकाला ते ओळखता येत नाही. एक अक्षर कमी-जास्त झाले की अर्ज परत येतो आणि ‘त्रुटी’ म्हणून एक ओळ दिसते. गुलमंडी, औरंगपुरा, सिटी चौक अशा जुन्या शहरातल्या भागांत मराठी, उर्दू, हिंदी अशी तिन्ही वळणांची नावे आढळतात, म्हणून हा फटका इथे जास्त बसतो. त्यात २०२३ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलले. जुन्या प्रत्येक दाखल्यावर औरंगाबाद आणि नव्यावर छत्रपती संभाजीनगर, असे दोन्ही कागद आता एकाच अर्जाला जोडावे लागतात.

बायकांच्या नावांचा प्रश्न तर कधीच नीट सुटला नाही. माहेरचे नाव दाखल्यावर, सासरचे आधारवर, बँकेत तिसरेच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचे नाव लावण्याचा राज्याचा निर्णय योग्यच आहे आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. पण आईचे नावच चार कागदांवर चार तऱ्हांनी असेल तर बाळाच्या पहिल्या नोंदीपासूनच घोळ सुरू होईल. नोंदणीच्या वेळी हे जुळवून देणारा माणूस लागेल.

ओटीपीचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या महिलांचे प्रमाण ३८ टक्के होते आणि पुरुषांचे ६१ टक्क्यांच्या वर. त्यानंतर फोन वाढले असतील, पण घरातला फोन बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. आधारला जोडलेला क्रमांक बंद पडला की आधी आधार केंद्राची रांग आणि मग मूळ काम. पुण्यात कामाला गेलेल्या मुलाला फोन करून आई ओटीपी विचारते आणि तो कामावर असेल तर त्या दिवशीचा अर्ज राहतो. बांधकामावर, शेतात, भांडी घासण्यात हात झिजलेल्यांचा अंगठा उमटत नाही, हेही प्रत्येक केंद्रचालक सांगेल. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. ज्या राज्यात आधार सुरू झाले, त्याने या झिजलेल्या अंगठ्यांचे उत्तर सर्वांआधी शोधायला हवे होते.

या पाव शतकात राज्याने काही मोठे प्रयोग केले. त्यांतले दोन एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. २०१७ मध्ये शेतकरी कर्जमाफी आली तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरावा, अशी अट होती. जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे ऐन खरिपात, नवरा-बायको दोघांनी केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा होता. सर्व्हर चालेना, रात्री-रात्री रांगा लागल्या, मुदती वाढवाव्या लागल्या. आलेल्या अर्जांचा आणि बँकांच्या नोंदींचा मेळ बसवण्यात पुढचे कित्येक महिने गेले. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची दुसरी कर्जमाफी आली. तिच्यात अर्जच नव्हता. कर्ज कोणाचे, किती, कोणत्या खात्यावर हे बँकेला ठाऊक होतेच. बँकांनी याद्या चढवल्या, गावात त्या लागल्या आणि शेतकऱ्याने एकदाच जाऊन आपले नाव व रक्कम बरोबर असल्याचे आधारने सांगायचे होते. अंगठ्याच्या अडचणी तिथेही आल्या, पण २०१७ चा छळ झाला नाही. त्याच राज्याने, त्याच प्रशासनाने आणि त्याच शेतकऱ्यांसाठी हे केले. फरक एवढाच, की सरकारजवळ किंवा बँकेजवळ असलेली माहिती दुसऱ्या वेळी शेतकऱ्याकडून पुन्हा मागितली गेली नाही.

हा धडा पुढे टिकला नाही, याचे मला वाईट वाटते. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि पहिल्याच दोन-तीन दिवसांत रहिवासी व उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी तहसील कार्यालये आणि सेतू केंद्रे गर्दीने भरून गेली. मग अट सैल करून रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला चालेल, असे सांगावे लागले. अर्ज खऱ्या अर्थाने भरले ते अंगणवाडी सेविकांनी. या सेविका जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या यंत्रणेतल्या. त्यांनी स्वतःच्या फोनवर, घरोघर जाऊन, आपले नेहमीचे काम सांभाळून हे केले. २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा संकेतस्थळ पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागू लागले. ज्यांचे पतीही नाहीत आणि वडीलही नाहीत त्यांनी काय करायचे, हा प्रश्न आखणी करताना कोणाला पडला नाही. महिलांनी आरडाओरड केल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली आणि अशा महिलांनी मृत्यूदाखल्यासारखे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत, असे ठरले. शेवटी वाट निघाली ती कागदाची आणि ओळखीच्या बाईची. विधवा, परित्यक्ता, एकट्या महिलांना सर्वांत शेवटी आठवणारी नोंदणी ही चुकीची नोंदणी आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

करोनाच्या लसीचेही असेच झाले होते. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला कोविन संकेतस्थळावर आधी वेळ घेणे सक्तीचे झाले, तेव्हा शहरातली चटपटीत मुले खेड्यातल्या आरोग्यकेंद्रांवर वेळ मिळवून मोटारीने जाऊन आली आणि त्या गावचे लोक दारात उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर केंद्राला खडसावून विचारले. सक्ती मागे घेतली गेली आणि वर्षअखेरीला आशाताई यादी घेऊन दारोदार गेल्या.

औरंगपुऱ्याशी थेट नाते असलेला विषय म्हणजे आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली खाजगी शाळांत राखीव असलेले, २५ टक्के प्रवेश. प्राथमिक शिक्षण विभाग इथेच आहे. अर्ज पूर्णपणे ऑनलाइन भरायचा आणि त्यात आपल्या घराची जागा नकाशावर बोटाने दाखवायची. एक किलोमीटरच्या आतल्या मुलाला प्राधान्य, त्यानंतर तीन किलोमीटरपर्यंतचा. ज्यांनी आयुष्यात नकाशा हाताळला नाही त्यांचे घर दुकानातला मुलगा अंदाजाने दाखवतो. बोट जरा सरकले की शाळा लांब पडते, आणि कोणी जाणूनबुजून सरकवले तर ती जवळ येते. सोडतीत नाव लागल्यावर मूळ कागदांची पडताळणी मात्र प्रत्यक्ष हजर राहूनच. तरीही सोडतीपुरती ही पद्धत मला पूर्वीपेक्षा न्याय्य वाटते, कारण शाळेच्या दारातून गरीब पालकाला परत पाठवणे अवघड झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खाजगी शाळांना यातून वगळले होते. त्या वेळी याच संकेतस्थळावर चांगल्या खाजगी शाळा दिसेनाशा झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो नियम रद्द केला. नोंदणीच्या पडद्यावर काय दिसते आणि काय दिसत नाही हाच हक्काचा प्रश्न झाला आहे, हे त्या वर्षी पालकांना कळले.

सरकारने ठरवले तर ते स्वतःची कपाटे स्वतः उघडू शकते, याचेही उदाहरण मराठवाड्यातच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यावर मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुन्या दप्तरांची छाननी झाली. मोडी आणि उर्दूचे जाणकार बसवले गेले आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण एका समाजाच्या आंदोलनापुढे यंत्रणेला जे करता आले, ते भटक्या जमातीच्या एकट्या कुटुंबासाठी का करता येऊ नये? त्या कुटुंबाकडे तर जमिनीचा कागदही नसतो.

केंद्रचालकांविषयी लोक रागाने बोलतात. जास्त पैसे घेतात ही तक्रार खरी आहे आणि दरफलक लावणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण त्यांची बाजूही पाहावी. अधिकृत सेवाशुल्क वर्षानुवर्षे २० रुपये होते, ते २०२५ मध्ये ५० झाले. जागेचे भाडे, वीज, इंटरनेट, छपाई हे सगळे त्यातूनच. दहावी-बारावीच्या निकालानंतर स. भु. महाविद्यालयाच्या परिसरात आणि शहरभर मुलांची झुंबड उडते, तेव्हा रात्री दहापर्यंत बसून फॉर्म भरून देणारा हाच माणूस असतो. सरकारचे खरे स्वागतकक्ष हे लोक चालवतात. त्यांना प्रशिक्षण, चुकलेला अर्ज परत उघडण्याची सोय आणि तालुक्याला फोन उचलणारा एक अधिकारी, इतके तरी मिळायला हवे.

मधल्या काळात आणखी एक आधार नाहीसा झाला. महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि जिल्हा परिषद सदस्यांची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षे निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासकच कारभार पाहत होते. नेमक्या याच वर्षांत सेवा वेगाने ऑनलाइन गेल्या. वॉर्डातला नगरसेवक कितीही टीकेचा धनी असला, तरी अडलेला दाखला घेऊन त्याच्या घरी सकाळी जाता येत असे. तोही नसताना नागरिकासमोर फक्त पडदा उरला.

बाहेरच्या देशांनी काय केले ते थोडे पाहू. डेन्मार्कने २०१४ पासून सरकारी पत्रव्यवहार डिजिटल केला, पण ज्याला जमत नाही त्याला सूट मागता येते आणि त्याला कागदावरच पत्र जाते. ऑस्ट्रियात २०१५ पासून बाळाचा जन्म नोंदला गेला की बहुतेक कुटुंबांचा बालभत्ता वेगळ्या अर्जाशिवाय सुरू होतो. आपल्याकडेही जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती होऊन १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत एकच पुरावा मानला गेला आहे. मग घाटी रुग्णालयात जन्मलेल्या आणि तिथेच नोंद झालेल्या मुलीच्या आईला पुढे प्रत्येक योजनेसाठी तोच दाखला पुन्हा पुन्हा स्कॅन करून का द्यावा लागतो? सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ई-केवायसी करता येत नाही, या तक्रारीवर तो निकाल आला होता.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. ऑनलाइन नोंदणी राहावी, वाढावी. पण जिल्हा परिषद असो, महापालिकेचे झोन कार्यालय असो की ग्रामपंचायत, कागदावरचा अर्ज घेऊन तो तिथल्याच कर्मचाऱ्याने संगणकात चढवण्याची एक खिडकी उघडी असलीच पाहिजे. सरकारच्याच एका विभागाने दिलेला कागद दुसऱ्या विभागाने नागरिकाकडे मागू नये. आणि नावातल्या, जन्मतारखेतल्या, पत्त्यातल्या चुका समोरासमोर ऐकून दुरुस्त करण्याचा अधिकार तालुक्याच्या पातळीवर नाव लिहिलेल्या एका अधिकाऱ्याकडे असावा. जिल्हा परिषद आणि महापालिकेतल्या नव्या सदस्यांनी सभागृहात बसल्यावर पहिल्या वर्षात एवढे केले तरी पुरेसे आहे.

तोवर वाचकांनी एक गोष्ट आपल्या हाती ठेवावी. लोकसेवा हक्क कायद्याने अर्जाची क्रमांकासह पोच देणे बंधनकारक केले आहे. ‘नंतर या’ असे तोंडी उत्तर घेऊन परतू नका, पोच मागा आणि तिच्यावरची तारीख जपून ठेवा. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करा, त्यावर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आयोगाच्या विभागीय आयुक्तांचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे, त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही.